थंड हवेच्या गावाची शांतता कोण राखते?

मकरपुऱ्याचा उन्हाळी महाल, फिलिपिन्समधील सगादा आणि गोव्याच्या शेजारची आंबोली यांच्या निमित्ताने

मे महिन्यात बडोद्याचा पारा चाळीस अंशांच्या पुढे सरकतो, तेव्हा शहराच्या दक्षिणेकडील मकरपुरा भागात दुपारची वर्दळ आपोआप ओसरते. कारखान्यांची वसाहत, मालमोटारींची ये-जा, रेल्वेमार्ग आणि दाट लोकवस्ती असे आजच्या मकरपुऱ्याचे रूप आहे. उन्हाळ्यापासून सुटका मिळावी म्हणून कोणी मकरपुऱ्याला जाईल, ही कल्पनाही आज विचित्र वाटेल. परंतु दीडशे वर्षांपूर्वी बडोद्याच्या मराठी राजघराण्याने नेमक्या याच हेतूने येथे महाल बांधला होता. पुढे त्याच घराण्याचे उन्हाळे निलगिरीच्या डोंगरात जाऊ लागले आणि मकरपुऱ्याचे महत्त्व मागे पडले.

सपाटीवरची काहिली टाळून उंचावरच्या शांत गावी जाण्याची ही ओढ आता राजघराण्यांपुरती उरलेली नाही. जून २०२५ पासून फिलिपिन्सने भारतीय पर्यटकांना चौदा दिवसांपर्यंत व्हिसाविना प्रवेश खुला केला आहे. त्या देशातील बोराकाय किंवा पलावानचे किनारे जाहिरातींत ठळकपणे झळकतात, पण समुद्राच्या कुशीत वाढलेल्या गोमंतकीयांना वाळू आणि माड यांचे अप्रूप ते किती असणार? त्यांच्यापैकी अनेकांचे लक्ष लुझॉन बेटाच्या उत्तरेकडील कॉर्डिलेरा पर्वतरांगेतील सगादा या लहानशा गावाकडे वळणे स्वाभाविक आहे. पाइन वृक्षांची दाटी, भाताची पायऱ्यापायऱ्यांची शेते, सकाळचे धुके आणि रात्री लवकर निजणारे गाव, अशी त्याची ओळख आहे.

अशा गावी जाण्यापूर्वी एक प्रश्न समजून घेणे आवश्यक ठरते. उंचावरच्या गावाचा गारवा निसर्ग देतो, पण तेथील शांतता कोण राखते? मकरपुरा, उटी, बागियो, सगादा, माथेरान आणि आंबोली या ठिकाणांचा इतिहास शेजारी शेजारी ठेवला, तर त्याचे उत्तर बऱ्याच अंशी सापडते.

सपाटीवर घडवलेला गारवा

मकरपुऱ्याचा महाल खंडेराव महाराज गायकवाड यांनी १८७० मध्ये उभारला. १८५६ ते १८७० ही त्यांची कारकीर्द. शिकार आणि जडजवाहीर यांचे ते शौकीन होते. ब्राझीलमध्ये सापडलेला ‘स्टार ऑफ द साउथ’ हा प्रसिद्ध हिरा त्यांनी विकत घेतला आणि बडोद्याचा मोत्यांचा गालिचाही त्यांनीच करवून घेतला. शहराच्या गजबजाटापासून दूर, शिकारीच्या रानालगत त्यांना उन्हाळी निवास हवा होता. इटालियन धाटणीचा हा महाल त्या इच्छेतून उभा राहिला.

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या गोपाळराव या मुलाला मे १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक घेण्यात आले आणि त्याचे नाव सयाजीराव ठेवण्यात आले. तिसरे सयाजीराव महाराज म्हणून ते पुढे विख्यात झाले. त्यांच्या काळात मकरपुऱ्याचा महाल वाढवण्याचे काम रॉबर्ट चिझम या वास्तुविशारदाकडे गेले. लक्ष्मीविलास राजवाड्याचा मूळ आराखडा करणारे मेजर चार्ल्स मँट १८८१ मध्ये निवर्तल्यानंतर ते काम तडीस नेणारे हेच चिझम. महालाभोवतीच्या विस्तीर्ण बागेची आखणी विल्यम गोल्डरिंग या इंग्रज उद्यानतज्ज्ञाने केली.

अशा महालांत गारवा कसा निर्माण केला जात असे, हे समजण्यासारखे आहे. जाड भिंती दिवसभराची उष्णता सावकाश शोषतात आणि आतल्या दालनांपर्यंत ती उशिरा पोहोचते. कमानींचे खोल सज्जे उन्हाला भिंतीपासून दूर ठेवतात. उंच छतामुळे तापलेली हवा वर साचते आणि माणसाच्या वावराच्या पातळीवर तुलनेने थंडावा राहतो. बागेतील झाडांची सावली आणि कारंज्यांचे पाणी यांची त्यात भर पडते. बडोद्याचा मे महिना कोरडा असल्याने पाण्याचे बाष्पीभवन वेगाने होते आणि बाष्पीभवन होताना पाणी भोवतालची उष्णता ओढून घेते. घरोघरी दारात लावले जाणारे वाळ्याचे ओले पडदे याच तत्त्वावर चालत.

मात्र या उपायांना मर्यादा आहे. पावसाळा जवळ येऊन हवा दमट झाली की बाष्पीभवन मंदावते आणि कारंजी केवळ शोभेची उरतात. भिंत उष्णतेला काही तास रोखते, पण रात्रीही हवा तापलेली असेल तर भिंतही तापलेलीच राहते. गोव्यातील एप्रिल-मेचा घामेजलेला उकाडा अनुभवणाऱ्यास हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

मकरपुऱ्याच्या शांततेचेही तसेच होते. ती कुंपणाच्या आत होती. विस्तीर्ण बाग, राखीव रान आणि पहारा यांमुळे बाहेरचा माणूस आत येत नसे, म्हणून तेथे निवांतपणा होता. राजघराण्याने उन्हाळ्यासाठी निलगिरीची वाट धरल्यावर या महालाचा वापर कमी होत गेला. आज तेथे भारतीय हवाई दलाची प्रशिक्षण संस्था आहे. वास्तू शिस्तीच्या हाती आहे, पण सर्वसामान्य पर्यटकाला ती मनात येईल तेव्हा पाहता येत नाही. एका अर्थी कुंपण तसेच राहिले, मालक तेवढा बदलला.

उंचीचे गणित

गायकवाडांनी निलगिरी का निवडली, याचे उत्तर साध्या अंकगणितात आहे. समुद्रसपाटीपासून दर हजार मीटर उंचीमागे हवेचे तापमान साधारणपणे सहा ते साडेसहा अंशांनी उतरते. वर जावे तसा हवेचा दाब घटतो. दाब घटला की हवा पसरते आणि पसरताना थंड होते. बडोदे समुद्रसपाटीपासून जेमतेम चाळीस मीटर उंचीवर आहे, तर उटी सुमारे २,२४० मीटरवर. म्हणजे केवळ उंचीच्या फरकाने तेरा-चौदा अंशांचा गारवा मिळतो. जाड भिंती आणि कारंजी यांनी हे साधणे शक्य नव्हते.

हेच गणित गोव्याच्या आसपास लावून पाहता येईल. आंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. तेथे पणजीपेक्षा चारेक अंश कमी तापमान असणे अपेक्षित असते. माथेरान सुमारे ८०० मीटरवर असल्याने तेथे पाच अंशांचा फरक पडतो. फिलिपिन्समधील बागियो आणि सगादा ही दोन्ही ठिकाणे सुमारे १,५०० मीटर उंचीवर आहेत. मनिलाच्या किनारी उकाड्यातून तेथे पोहोचलेल्या प्रवाशाला आठ ते दहा अंशांचा दिलासा मिळतो. झाडी, धुके आणि वारा यांमुळे तो आणखी सुखद भासतो. उष्ण प्रदेशातील राज्यकर्ते, मग ते इंग्रज असोत, अमेरिकन असोत वा संस्थानिक, डोंगराकडे का धावले, याचे मूळ या फरकात आहे.

डोंगर रिकामे नव्हते

थंड हवेच्या ठिकाणांचा इतिहास लिहिताना ती ‘शोधली’ गेल्याचे सांगण्याची प्रथा आहे. कोइमतूरचे कलेक्टर जॉन सलिव्हन १८१९ मध्ये निलगिरीवर चढले आणि त्यांनी उटीचा पाया घातला, असे सांगितले जाते. परंतु तेथे तोडा, बडगा, कोटा हे समाज पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. तोडांच्या म्हशींची कुरणे ज्या उतारांवर होती, तेथेच पुढे बंगले, चर्च आणि चहाचे मळे आले. तोडांचा त्या जमिनीवर हक्क आहे, असे खुद्द सलिव्हन यांनीही नंतर आग्रहाने मांडले होते.

बडोद्याच्या लोकांना आज सोयीचे असलेले थंड हवेचे ठिकाण म्हणजे डांग जिल्ह्यातील सापुतारा. मकरपुऱ्यातील कामगार कुटुंबेही सुटीत तेथे जाऊ शकतात. उन्हाळी निवास हा राजवाड्याचा मक्ता राहिला नाही, ही चांगलीच गोष्ट होय. मात्र सापुतारा पर्यटनासाठी विकसित होत असताना तेथील मूळ आदिवासी कुटुंबांना शेजारच्या नवागाम येथे हलवण्यात आले, हेही त्या गावाच्या इतिहासाचे एक पान आहे. डांग गुजरातचा की महाराष्ट्राचा, हा वाद १९६० च्या आधी गाजला होता. त्या वादात डांगी माणसाच्या जमिनीचा प्रश्न तुलनेने मागेच राहिला.

फिलिपिन्समध्ये हाच प्रश्न थेट न्यायालयात गेला. आजचे बागियो शहर जेथे आहे, तेथे इबालोय समाजाची वस्ती आणि गुरांची कुरणे होती. अमेरिकनांनी फिलिपिन्स ताब्यात घेतल्यानंतर तेथे उन्हाळी राजधानी वसवण्याचे ठरवले आणि जमिनी सरकारजमा होऊ लागल्या. मातेओ कारिन्यो या इबालोय जमीनमालकाने त्याविरुद्ध दाद मागितली. खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला आणि १९०९ मध्ये निकाल कारिन्यो यांच्या बाजूने लागला. स्मरणात असलेल्या काळापासून जी जमीन खासगी मालकीहक्काने वहिवाटीत आहे, ती कधीच सरकारी नव्हती असे मानले पाहिजे, असे तत्त्व त्यात मांडले गेले. मूळनिवासींच्या भूमिहक्कांच्या चर्चेत या निकालाचा दाखला आजही दिला जातो. त्याने बागियोचा विस्तार मात्र थांबला नाही.

बागियो : रस्ता झाला आणि गाव बदलले

बागियोची कथा म्हणजे नियोजनाने सुरू झालेली आणि नियोजनाच्या हाताबाहेर गेलेली कथा आहे. १९०३ मध्ये ते फिलिपिन्सची उन्हाळी राजधानी म्हणून घोषित झाले. शिकागोचे ख्यातनाम नगररचनाकार डॅनियल बर्नहॅम यांनी शहराचा आराखडा केला. डोंगरकड्यांमधून वर जाणारा रस्ता खोदण्यासाठी अनेक देशांतील मजूर राबले आणि १९०५ मध्ये तो वाहतुकीस खुला झाला. कर्नल केनन यांच्या नावाने ओळखला जाणारा हा मार्ग पावसाळ्यात दरडी कोसळून आजही वारंवार बंद करावा लागतो.

बर्नहॅम यांनी जे शहर कल्पिले होते, ते सुमारे पंचवीस हजार लोकवस्तीचे होते. २०२० च्या जनगणनेत बागियोची लोकसंख्या ३,६६,३५८ नोंदली गेली. म्हणजे योजलेल्या वस्तीच्या चौदापटींहून अधिक. त्यात सुटीच्या दिवशी येणारे पर्यटक वेगळेच. जुलै १९९० मधील भूकंपात शहरातील अनेक इमारती आणि एक मोठे हॉटेल कोसळले. ऑगस्ट २०११ मध्ये वादळी पावसात इरिसान येथील कचऱ्याचा डोंगर घसरून माणसे दगावली. मडगावच्या सोनसोड्याचा इतिहास ठाऊक असलेल्या वाचकाला या घटनेचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. पर्यटक परतला तरी त्याने मागे ठेवलेला कचरा गावातच राहतो आणि डोंगराळ भागात तो टाकायला सपाट जागाही नसते.

बागियो आजही सुंदर आहे. तेथे विद्यापीठे आहेत, कलावंतांची परंपरा आहे, हस्तकलेसाठी युनेस्कोने त्याला सर्जनशील शहरांच्या यादीत स्थान दिले आहे. पण ते आता शांत गाव नाही. शांततेच्या शोधात आलेल्या प्रवाशाला तेथून आणखी उत्तरेकडे पाच-सहा तासांचा घाटरस्ता पार करून सगादा गाठावे लागते.

सगादा : पाहुण्यांसाठी गावाची शिस्त

सगादा हे माउंटन प्रॉव्हिन्समधील गाव कांकानाय समाजाचे आहे. सबंध नगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या अकरा-बारा हजारांच्या घरात आहे. या पर्वतप्रदेशावर स्पॅनिश सत्तेची पकड कधीच पक्की बसली नाही, त्यामुळे जुन्या चालीरीती टिकून राहिल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी येथे आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी चर्च आणि शाळा सुरू केल्या. बहुतांश फिलिपिन्स रोमन कॅथलिक असताना सगादात अँग्लिकन परंपरा रुजली ती त्यामुळे. याच गावात जन्मलेले एदुआर्दो मासफेरे यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर कॉर्डिलेरातील लोकजीवनाची जी छायाचित्रे टिपली, ती आज त्या देशाचा मौल्यवान ठेवा मानली जातात.

सगादाची सर्वाधिक चर्चा होते ती कड्यांवर टांगलेल्या शवपेट्यांमुळे. काही वडीलधाऱ्यांचे मृतदेह जमिनीत न पुरता लाकडी पेटीत ठेवून चुनखडीच्या उंच कड्यांना बांधण्याची येथे जुनी चाल आहे. अनेक पेट्या आखूड दिसतात, कारण गर्भातील बाळाप्रमाणे पाय दुमडून देह ठेवला जात असे. पर्यटकांच्या दृष्टीने हे कुतूहलाचे दृश्य असले, तरी गावकऱ्यांच्या लेखी ती पूर्वजांची विश्रांतीची जागा आहे. पेट्यांना हात लावणे, त्यांच्याजवळ आरडाओरडा करणे हा तेथे अपमान समजला जातो. आपल्याकडील देवराईत चप्पल काढून शिरणाऱ्या माणसाला या मर्यादेचे मोल कळेल.

सगादाने पर्यटकांसाठी दारे बंद केलेली नाहीत, पण ती सताड उघडीही टाकलेली नाहीत. गावात येणाऱ्याने आधी नगरपालिकेच्या कार्यालयात नोंद करावी आणि पर्यावरण शुल्क भरावे, असा नियम आहे. गुहा, कडे, धबधबे अशा ठिकाणी नोंदणीकृत स्थानिक वाटाड्याशिवाय जाता येत नाही. त्यामुळे पर्यटनाचा पैसा गावातच राहतो आणि बेशिस्तीला जागच्या जागी आळा बसतो. दाप-आय या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दगडी बैठकींवर गावातील जाणते एकत्र बसतात. पेरणी, कापणी अशा प्रसंगी ते ओबाया म्हणजे विसाव्याचा दिवस जाहीर करतात. त्या दिवशी शेतातले काम थांबते, धार्मिक विधी होतात आणि काही ठिकाणी परक्याला जाता येत नाही. लांबून आलेल्या पाहुण्याची गैरसोय होईल म्हणून विधी पुढे ढकलला जात नाही.

ही शिस्त पुरेशी ठरली का? पूर्णपणे नाही. २०१४ मध्ये एका लोकप्रिय फिलिपिनो चित्रपटात सगादाचा सूर्योदय दिसला आणि त्यानंतर तेथे गर्दीचा लोंढा सुरू झाला. अरुंद रस्त्यांवर वाहनांच्या रांगा लागल्या. पाणी, सांडपाणी आणि कचरा यांचे प्रश्न उभे राहिले. एखाद्या चित्रपटाने एखादे स्थळ रातोरात गर्दीचे कसे होते, हे हणजुणेच्या शापोरा किल्ल्याकडे पाहणाऱ्या गोमंतकीयांना चांगले ठाऊक आहे. फरक इतकाच की सगादाकडे नियमांची आणि ते राबवणाऱ्या गावसंस्थेची चौकट आधीपासून होती, त्यामुळे त्याला सावरण्याची संधी मिळाली.

माथेरान : शांततेचा भार कोणाच्या खांद्यावर?

महाराष्ट्रात गावाची शांतता नियमाने राखण्याचे ठळक उदाहरण माथेरानचे आहे. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये या पठाराची निवड केली. सर आदमजी पीरभॉय यांच्या पुढाकाराने उभारलेली नेरळ–माथेरान ही छोटी रेल्वे १९०७ मध्ये सुरू झाली. गावात मोटारींना प्रवेश नाही. खासगी वाहने दस्तुरी नाक्यावर थांबतात आणि पुढची तांबड्या मातीची वाट पायी, घोड्यावर किंवा रिक्षाने कापावी लागते. २००३ मध्ये माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाले.

या व्यवस्थेने पठारावर इंजिनांचा आवाज आणि धूर आला नाही, झाडी टिकली, पाखरे टिकली. परंतु या शांततेसाठी माणसाने माणसाला ओढण्याची हातरिक्षा दशकानुदशके चालू राहिली. चढावर, पावसात, चिखलात प्रवासी आणि सामान ओढणाऱ्या श्रमिकाच्या घामावर पर्यटकाचा निवांतपणा उभा होता. ही प्रथा मानवी प्रतिष्ठेला धरून नाही, असे सांगत सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सहा महिन्यांत हातरिक्षा बंद करण्याचा आदेश महाराष्ट्र सरकारला दिला. त्यांच्या जागी ई-रिक्षा द्याव्यात आणि त्यात मूळ रिक्षाचालकांना प्राधान्य असावे, असा न्यायालयाचा रोख होता. त्यासाठी केवडियाचा दाखला देण्यात आला. बडोद्याहून जवळ असलेल्या केवडिया येथे सरदार पटेलांच्या पुतळ्याच्या परिसरात स्थानिक महिला ई-रिक्षा चालवतात.

माथेरानच्या या प्रकरणातून एक गोष्ट स्पष्ट होते. शांतता राखणारा नियम चांगला की वाईट, हे केवळ झाडे वाचली की नाही यावरून ठरवता येत नाही. त्या नियमाचा भार कोण वाहतो, हेही पाहावे लागते. मकरपुऱ्यात तो कुंपणाबाहेरच्या रयतेने वाहिला, सापुताऱ्यात घर सोडणाऱ्या कुटुंबांनी, माथेरानात हातरिक्षा ओढणाऱ्याने. सगादात मात्र नियम करणारे आणि त्यांचे बरे-वाईट परिणाम भोगणारे लोक बहुतांशी एकच आहेत. त्या गावाचे वेगळेपण या गोष्टीत आहे.

गोव्याच्या उंबरठ्यावर

गोमंतकीयांच्या दृष्टीने सर्वांत जवळचे थंड हवेचे गाव म्हणजे आंबोली. वेंगुर्ला बंदर आणि बेळगावची छावणी यांना जोडणाऱ्या घाटरस्त्यावर इंग्रज अमदानीत ते विश्रांतीचे ठिकाण म्हणून पुढे आले. येथील हिरण्यकेशी नदीच्या उगमावर शिवमंदिर आहे. त्या उगमाच्या पाण्यात सापडलेल्या एका माशाची शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये नवी प्रजाती म्हणून नोंद केली आणि नदीचेच नाव त्याला दिले. पुढच्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने तो परिसर जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केला. बोटभर लांबीचा मासा एका मंदिराच्या कुंडात इतकी वर्षे टिकला, कारण देवाच्या पाण्यात मासे धरू नयेत, ही श्रद्धा गावाने पाळली होती. कायदा नंतर आला.

पावसाळ्यातील शनिवार-रविवारी आंबोलीच्या मुख्य धबधब्यापाशी दिसणारे चित्र याच्या अगदी उलट असते. घाटात वाहनांच्या रांगा, मोठ्या आवाजातील गाणी, दारूच्या बाटल्या आणि प्लास्टिक. त्या गर्दीत गोव्याच्या नोंदणीची वाहने कमी नसतात. आपल्या किनाऱ्यांवर बाहेरच्या पर्यटकाने केलेल्या घाणीबद्दल गोवा रास्त संताप व्यक्त करतो. लोकसंख्येच्या कित्येक पट पाहुणे दरवर्षी झेलणाऱ्या राज्याला तो अधिकारही आहे. पण घाट चढून गेल्यावर गोमंतकीय स्वतः पाहुणा होतो आणि तेथे त्याच्या वागण्याची परीक्षा असते. सत्तरीतील चोर्ला घाटाचा परिसर असो वा आंबोली, यजमान म्हणून आपण जी अपेक्षा करतो, ती पाहुणा म्हणून आपणही पाळली पाहिजे.

सगादाला जायचे असेल तर

प्रवासाच्या तयारीविषयी काही मोजक्या गोष्टी सांगणे उपयुक्त ठरेल. व्हिसाविना प्रवेश केवळ पर्यटनासाठी आहे आणि तो चौदा दिवसांच्या पुढे वाढवून मिळत नाही. पारपत्र किमान सहा महिने वैध असावे. परतीचे तिकीट आणि निवासाची नोंद दाखवावी लागते. नियम बदलू शकतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी दूतावासाच्या संकेतस्थळावर खात्री करून घ्यावी. मनिलाहून सगादाला रस्त्याने जाण्यास सुमारे बारा तास लागतात. बागियोत मुक्काम करून पुढे गेल्यास प्रवास सुसह्य होतो. नोव्हेंबर ते एप्रिल हा काळ तुलनेने कोरडा असतो. जून ते ऑक्टोबर या महिन्यांत वादळे आणि दरडी यांचा धोका असतो. डिसेंबर ते फेब्रुवारीत रात्री चांगलीच थंडी पडते, तेव्हा गरम कपडे जवळ असावेत.

भाषेची अडचण फारशी येत नाही, कारण इंग्रजी सर्वत्र चालते. जहाजांवर नोकरी करणाऱ्या अनेक गोमंतकीयांना फिलिपिनो सहकाऱ्यांची संगत आणि त्यांचा मनमिळाऊ स्वभाव परिचयाचा आहे. त्यांच्याकडून ऐकलेल्या देशाचा हा डोंगराळ भाग मात्र किनारी फिलिपिन्सपेक्षा वेगळा आहे, हे ध्यानात ठेवावे. पोहोचल्यावर आधी नोंदणी करावी, वाटाड्याचे ठरलेले मानधन घासाघीस न करता द्यावे, विधी चालू असल्यास परवानगीवाचून छायाचित्र काढू नये आणि आपला कचरा आपल्यासोबत परत आणावा. शक्य असेल तर सुटीचे गर्दीचे दिवस टाळावेत आणि एक रात्र घाईने काढण्याऐवजी तीन-चार दिवस राहावे. त्याने गावातील लहान खानावळी, विणकर आणि कॉफी पिकवणारे शेतकरी यांच्या हाती चार पैसे पडतात आणि रस्त्यावरचा भारही कमी होतो.

हवामान बदलत असताना सपाटीवरचा उन्हाळा अधिक खडतर होत जाणार आणि डोंगराकडे धावणाऱ्यांची संख्या वाढत जाणार, हे उघड आहे. त्या सर्वांना पुरेल इतकी उंची पृथ्वीवर आहे, पण तितकी शांत गावे नाहीत. जी आहेत, ती तेथील माणसांनी सांभाळल्यामुळे टिकली आहेत. त्यांच्या सांभाळण्यात आपला हातभार लागावा किंवा निदान अडथळा होऊ नये, एवढी जाणीव सामानाच्या पिशवीत ठेवली, तर चढण नक्कीच हलकी होईल.